दौत आपली, शाई आपली

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ज्याने रचली त्याला गिऱ्हाइकाचा मूर्खपणा दाखवायचा होता. मसाल्यावर बारा आणे उधळणारा एक माणूस, आणि त्याला हसणारं सगळं गाव. एखादा दुकानदार कोंबडी मुद्दाम चार आण्याला विकेल, तिला दुसऱ्या कुणाचा मसाला लागू नये म्हणून तिच्या पोटात चिप बसवेल, आणि घरी वाटलेला मसाला घातलात तर कोंबडी शिजायचंच नाकारेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. इंकजेट प्रिंटरचा धंदा तो हाच. आणि तरीही रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, हातात इंजेक्शनची सिरिंज घेऊन कार्ट्रिज भरत बसलेल्या गृहस्थाकडे घरची मंडळी ज्या नजरेने पाहतात, ती आपण चिक्कू माणसांसाठी राखून ठेवलेली नजर असते. त्यात थोडी भीतीही मिसळलेली असते, कारण टेबलावरचं कापड नवं असतं. माझं म्हणणं असं की ही नजर चुकीच्या माणसावर पडते आहे. आपण पैसे वाचवतोय असं त्या गृहस्थालाही वाटत असतं, आणि पैसे वाचतातही. पण खरं पाहता, रीतसर पावती घेऊन आणलेली वस्तू आपली झाली आहे की नाही, एवढंच तो तपासत असतो. हा तपास शाईने माखलेल्या हातांनी करावा लागतो, हा त्याचा दोष नव्हे.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे काटकसरवाल्यांचं समाधान होईल. एचपीच्या घरगुती प्रिंटरांत चालणारं ६८० क्रमांकाचं काळं कार्ट्रिज कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ४८० पानं छापतं, आणि त्याचं रंगीत भावंड १५०. उलट एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरात ओतायची ००३ क्रमांकाची काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची येते आणि तिच्यातून ४,५०० पानं निघतील असं ती कंपनी सांगते. बाटलीची किंमत त्या कार्ट्रिजपेक्षा कमी आहे. कमी पैशात नऊपट पानं, आणि दोन्हीकडे शाई म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात रंग आणि ते पाणी लवकर सुकू नये म्हणून घातलेली द्रव्यं. आता ही ‘पानं’ कुठली, तर मानकं ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेने ठरवून दिलेली नमुन्याची पानं, एकापाठोपाठ एक छापून मोजलेली. तुमच्या-आमच्या घरात तशी पानं कुणी छापत नाही. आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा आहे. इंग्रजी शब्द उघड्यावर राहतात, मराठी शब्दाला छपराचाही खर्च असतो. शिवाय घरचा प्रिंटर एकापाठोपाठ छापत नाही. तो जूनमध्ये शाळेच्या फॉर्मसाठी जागा होतो, गणपतीत आरतीच्या कागदासाठी, आणि मग थेट स्थळाचा बायोडेटा पाठवायची वेळ येईपर्यंत झोपतो. प्रत्येक वेळी उठल्यावर तो आधी खाकरतो, घसा साफ करतो, आणि त्या गुळण्यांना तुमची शाई वापरतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०१३ मध्ये तपासून पाहिलं तेव्हा, थांबून थांबून छापलं तर कित्येक मॉडेलांत निम्मी किंवा त्याहूनही कमी शाई कागदापर्यंत पोचते असं आढळलं होतं. बाकीची प्रिंटरच्या पोटातल्या बोळ्यांत जिरते. त्यातून काही प्रिंटर असे मानी की पिवळा रंग संपला म्हणून काळं पत्रही छापत नाहीत. मुलाकडचा मामा रुसला म्हणून लग्न अडून बसावं, तसं ते पत्र अडून बसतं, आणि पत्रात पिवळ्याचा टिपकाही नसतो.

या धंद्याची कुळकथा सांगताना लोक जिलेटचं नाव घेतात: वस्तरा फुकटात द्यायचा आणि पात्यांवर कमवायचं. ही कथा सोयीची आहे, पण उलटी आहे. १९०३ मध्ये जिलेटचा वस्तरा बाजारात आला तेव्हा त्याची किंमत पाच डॉलर होती, आणि त्या काळच्या अमेरिकेत ती चैनीची वस्तू होती. पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपली, दुसऱ्यांना तसा वस्तरा बनवायची मुभा मिळाली, आणि मग कुठे जिलेटने दांडी स्वस्त केली. म्हणजे मक्तेदारी गेली तेव्हा वस्तरा गरिबाच्या दाढीपर्यंत पोचला. प्रिंटरवाल्यांनी या गोष्टीतून फक्त स्वस्त दांडी उचलली आणि मक्तेदारी जाऊ द्यायची नाही एवढा धडा स्वतःच्या मनाने जोडला. यात लपवाछपवी आहे असंही नाही. एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये सीएनबीसी वाहिनीवर अगदी मोकळेपणाने सांगितलं की, प्रिंटर विकला जातो तेव्हा ती कंपनीने गिऱ्हाइकात केलेली गुंतवणूक असते, आणि गिऱ्हाइकाने पुरेसं छापलं नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाईट ठरते. वाचून अनेकांना राग आला. मला मात्र त्यांचे आभार मानावेसे वाटले. इतकी वर्षं आपण कपाटाशेजारी प्रिंटर ठेवून, घरात एक यंत्र आणलं असं समजत होतो. प्रत्यक्षात यंत्राने घरात एक माणूस ठेवलेला होता.

तर आता त्या टेबलाकडे जाऊ. औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरच्या सिरिंज आणणं ही यातली पहिली पायरी, आणि सर्वांत अवघडही. ‘शाई भरायला हव्यात’ असं सांगितल्यावर दुकानदाराचा जो चेहरा होतो, त्याचा अर्थ ‘असं सगळेच म्हणतात’ असा असतो. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज घ्यायची. कार्ट्रिजच्या डोक्यावरचं स्टिकर नखाने सोललं की खाली बारीक छिद्रं दिसतात आणि त्या छिद्रांपासून निघालेल्या नागमोडी चरा. या चरा शोभेच्या नाहीत. खालून शाई जाते तशी वरून हवा आत यायला हवी. पण हवेला सरळ दार उघडून दिलं तर शाईतलं पाणी उडून जाईल, म्हणून तिला मुद्दाम घाटातल्या वळणावळणाने आत आणलेलं असतं. ज्याने हे योजलं तो बुद्धिमान माणूस होता, आणि ते स्टिकर कुणी सोलणार नाही असं गृहीत धरणारा भाबडाही. आत स्पंज असतो. शाई खालच्या छिद्रांतून आपोआप गळू नये म्हणून ती त्या स्पंजाने आपल्या ओढीने धरून ठेवायची, अशी ही योजना. त्यामुळे सुई स्पंजात खोल घालून शाई हळूहळू सोडायची. गुलाबजाम पाकात टाकल्यावर जी सबुरी लागते तीच इथे लागते. घाई केली की आत हवेचा फुगा अडकतो आणि मग वरपर्यंत भरलेलं कार्ट्रिज कोरड्या विहिरीसारखं वागतं. लहान कार्ट्रिज असेल तर काळ्याला पाच-सहा मिलिलिटर, रंगीताच्या प्रत्येक कप्प्याला दोन-अडीच. छिद्राशी शाई डोकावली की थांबायचं, आणि तो डोकावणारा थेंब सिरिंजने परत ओढून घ्यायचा. आणखी एक मिलिलिटर मावेल असं वाटण्याचा जो क्षण असतो, तो मोहाचा क्षण. त्या मिलिलिटरचा पुढचा मुक्काम टेबलावरच्या कापडावर असतो.

रंगीत कार्ट्रिजला तीन कप्पे असतात, आणि कोणत्या छिद्राखाली कोणता रंग आहे हे वरून कळत नाही. टूथपिक बुडवून बघावं लागतं. हे बघणं टाळून अंदाजपंचे भरणारे लोक आहेत. पिवळ्याच्या कप्प्यात निळा सोडून बसले की पुढचे सहा महिने त्यांच्या घरातला सूर्य हिरवा उगवतो. बाटल्यांवर सायन, मॅजेंटा, येलो असं छापलेलं असतं. यातलं सायन म्हणजे दादर आणि कुर्ल्याच्या मधलं नव्हे. हा आकाशी-हिरवट झाक असलेला निळा. मॅजेंटा हा साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात त्याचा सख्खा भाऊ. हा भाऊ फार प्रेमळ. बोटाला एकदा लागला की सोडत नाही. मतदानाची शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते, आणि तिच्यात बोटावर टिकून राहावं म्हणून सिल्व्हर नायट्रेट घालतात. मॅजेंटात असलं काही घालावं लागत नाही, तो स्वभावानेच टिकतो. भरून झालं की टिश्यू पेपरची घडी किंचित ओली करून तिच्यावर कार्ट्रिज तोंडाने टेकवायचं. शेजारी शेजारी तीन स्वच्छ पट्टे उमटले तर जिंकलात. एखादा पट्टा उमटलाच नाही तर त्या रंगाचं तोंड बंद आहे असं समजायचं आणि कोमट पाण्याच्या ओल्या टिश्यूवर त्याला थोडा वेळ बसवायचं, सर्दी झालेल्या पोराला वाफारा द्यावा तसं. ही परीक्षा न घेता थेट छापायला बसलेल्यांच्या कागदावर मजेशीर गोष्टी घडतात. निळा आणि राणी दोन्ही रुसले आणि पिवळा एकटाच चालू असला, तर बायोडेटातल्या मुलाला लग्न ठरायच्या आधीच हळद लागलेली असते.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप कंपन्यांचा: छपाईचं हे तंत्र इतकं नाजूक आहे की त्यात घरगुती हात घालणं म्हणजे अडाणीपणा. नाजूक आहे, हे शंभर टक्के खरं. एक थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. ज्या छिद्रातून तो थेंब सुटतो ते केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. त्या छिद्रामागे एक चिमुकला तापक असतो. तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात शाईचा पातळ थर तीनशे अंशांच्या आसपास तापवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो, थेंब बाहेर फेकला जातो, बुडबुडा मावळतो आणि रिकाम्या जागेत नवी शाई येते. हे सेकंदाला हजारो वेळा. माणसाच्या हुशारीला सलाम करावा असंच हे काम आहे. पण हे सुचलं कसं, ते कॅननच कौतुकाने सांगते. १९७७ मध्ये टोकियोतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो नावाच्या संशोधकाच्या टेबलावर तापलेलं सोल्डरिंगचं टोक चुकून एका सुईला लागलं, आणि सुईतून शाई उडाली. ती सुई कशाची होती? शाई भरलेल्या सिरिंजची. या आक्षेपाला माझं पुरेसं उत्तर एवढंच आहे. हे तंत्र एका टेबलावर, एका सिरिंजीतून, एका अपघाती शिंतोड्यातून जन्माला आलं आहे. त्याच सिरिंजीसकट दुसऱ्या टेबलावर बसून त्याच प्रकारचे शिंतोडे उडवणाऱ्या माणसाला अडाणी म्हणणं म्हणजे घराण्याचा मूळपुरुष विसरणं.

तरीही आक्षेपात तथ्य आहे तेवढं मान्य करायला हवं, कारण इथे प्रिंटरप्रिंटरांत फरक आहे आणि उत्साही लोक तो लक्षात घेत नाहीत. एचपीच्या आणि कॅननच्या कित्येक स्वस्त प्रिंटरांत ही सगळी छिद्रं आणि तापक कार्ट्रिजच्याच तळाशी बसवलेले असतात. तिथे तुमचा प्रयोग फसला तर एक कार्ट्रिज जातं, जे तसंही कचऱ्यात जाणार होतं. एप्सनमध्ये मात्र हेड, म्हणजे हा छिद्रांचा भाग, यंत्राच्या अंगात असतं, आणि ते तापवून नव्हे तर विजेच्या झटक्याने वाकणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलतं. तिथे भलतीच शाई घालून हेड तुंबवलंत तर सगळं यंत्रच गेलं. शाईचीही दोन गोत्रं आहेत: पाण्यात पूर्ण विरघळणारी, आणि जिच्यात रंगाचे अतिबारीक कण तरंगत असतात ती. एका गोत्राच्या घरात दुसऱ्या गोत्राची शाई आणली तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होऊ शकतात. प्रिंटरच्या बाबतीत मी सनातनी आहे, गोत्र बघूनच शाई घालावी. आणि फाउंटन पेनची शाई तर कोणत्याही गोत्राची नव्हे, ती कधीच घालू नये. शिवाय एकच कार्ट्रिज जन्मभर भरता येत नाही. तापक थकतात, चार-सहा वेळा भरल्यावर अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसू लागतात, तेव्हा नमस्कार करून नवं आणावं. पण ‘चार-सहा वेळा’ हे शब्द पुन्हा वाचा. कंपनीचं म्हणणं की कार्ट्रिज महाग आहे ते आतल्या शाईमुळे नाही, तळाशी बसवलेल्या त्या अद्भुत हेडमुळे. कबूल. मग जे अद्भुत हेड आणखी चार-सहा भरणी सहज काढू शकतं, ते पहिल्या भरणीनंतर फेकून द्यायला का सांगता? तेल संपलं म्हणून कुणी समई टाकून देत नाही.

हा प्रश्न आपल्याला पडतो तसा तो कंपन्यांनाही पडला असणार, कारण त्यांनी त्याचं उत्तर देण्याऐवजी एक चिप बसवली. चिपचं काम कारकुनाचं. प्रिंटर कार्ट्रिजच्या आत डोकावून बघत नाही. बहुतेक वेळा तो किती थेंब सोडले ते मोजतो आणि त्यावरून शाई संपली असं जाहीर करतो. तुम्ही काठोकाठ भरून आणलेलं कार्ट्रिज त्याच्या वहीत रिकामंच असतं. सरकारी दप्तरात मयत दाखवलेल्या माणसाने समोर उभं राहून ‘मी आहे’ म्हणावं आणि साहेबाने दाखला मागावा, तसा हा प्रसंग. कॅननच्या अनेक मॉडेलांत यावर एक उपाय ठेवलेला आहे: स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे तो मोजदाद सोडून देतो आणि छापायला लागतो. शाई संपल्याची शिक्षा म्हणून पाच सेकंद अंगठा धरून उभं राहायचं, एवढंच. काही प्रिंटर मात्र पडद्यावर ‘वापरलेलं किंवा बनावट कार्ट्रिज’ अशी पाटी लावतात. तुमचंच कार्ट्रिज, तुम्हीच दुकानातून आणलेलं, तुम्हीच संपवलेलं, आणि ते वापरलेलं आहे ही बातमी तुम्हालाच. वर ‘बनावट’ हा शब्द, म्हणजे चोरीचा आळही.

कुणी म्हणेल, हे सगळं दर्जा सांभाळण्यासाठी आहे. तर मग जानेवारी २०२२ ची गंमत ऐका. जगभर चिपचा तुटवडा पडला आणि कॅननला आपल्या ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांच्या टोनर कार्ट्रिजना लावायला चिपच मिळेनात. मग कंपनीने जर्मनीतल्या आपल्या गिऱ्हाइकांना कळवलं की आमचीच अस्सल कार्ट्रिजं तुम्हाला चिपशिवाय मिळतील, यंत्र ती ओळखणार नाही आणि तक्रार करेल, त्या तक्रारीकडे दुर्लक्ष करून पुढे जा. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही हेही सांगितलं. फार तर टोनरची पातळी नीट दिसणार नाही. कारकून रजेवर गेला आणि ऑफिस नेहमीपेक्षा वाईट चाललं नाही, हे साहेबानेच लेखी दिलं. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये एके दिवशी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी अचानक दुसऱ्यांच्या चिपची कार्ट्रिजं नाकारली. कालपर्यंत चालत होती, आज नाहीत. कारण आधी पाठवलेल्या सॉफ्टवेअरच्या एका सुधारणेत तशी तारीख लिहून ठेवलेली होती. इतका आरडाओरडा झाला की कंपनीला दिलगिरी व्यक्त करून तो अडसर काढणारी दुसरी सुधारणा द्यावी लागली. रीत मात्र सुटली नाही. वर उल्लेख केलेल्या त्याच मुलाखतीत लोरेसांनी, कार्ट्रिजमधून विषाणू घुसून प्रिंटरमार्गे नेटवर्कमध्ये जाऊ शकतो, अशीही भीती घातली. पाणी, रंग आणि सुकू नये म्हणून घातलेली द्रव्यं यांच्यात विषाणू शिरत नाही. तो शिरायचा असेल तर चिपमध्ये शिरणार, आणि चिप आत घातली कोणी?

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर मालकीचा निकाल लागलेला आहे, निदान अमेरिकेत. वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या धंद्याने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीची वापरलेली कार्ट्रिजं भरून विकली, लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला, आणि ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. मग विकताना कसलीही अट घातलेली असो. तो खटला लेसर प्रिंटरच्या टोनरचा होता, शाईचा नव्हे, पण टेबलावर बसलेल्या आपल्या गृहस्थाला जे म्हणायचं होतं ते न्यायाधीशांनी त्याच्यापेक्षा बरं मांडलं, आणि हात न माखता मांडलं.

पण सगळ्यांत मोठा पुरावा न्यायालयातला नाही, बाजारातला आहे. इंडोनेशियात लोक एप्सनच्या प्रिंटरांना बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून घेत. आपल्याकडेही असे सलाईन लावलेले प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानांत आणि फोटो स्टुडिओंत दिसायचे, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. भडकमकर मार्ग म्हणायला हवं, पण तिथे जाणारा कुणी म्हणत नाही) असल्या उद्योगांचं सगळं सामान मिळतं. एप्सनने या लोकांशी आधी भांडण केलं, आणि मग ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला: टाक्या यंत्रातच, शाई बाटलीत, आणि भरणार गिऱ्हाईक. पुढे तो भारतात आला, कॅनन आणि एचपीही त्या वाटेने गेले. आज तोच प्रकार ‘इंक टँक’ नावाने दिमाखात विकला जातो आणि जाहिरातीतली हसतमुख बाई बाटली उलटी धरून घरच्या घरी शाई भरताना दिसते. म्हणजे घरगुती हाताने शाई भरली तर प्रिंटर बिघडतो हे इतकी वर्षं सांगणाऱ्यांनीच, तुमचे हात चांगले आहेत असं प्रमाणपत्र दिलं. फरक एकच: यंत्राची किंमत आता वर गेली आणि शाईची खाली आली. कोंबडी बारा आण्याची आणि मसाला चार आण्याचा, जसं ते मुळात असायला हवं होतं. टेबलावरच्या त्या गृहस्थाने हा हिशेब चुकवला नसता, तर तो असा सरळ झाला नसता.

आपल्या लोकांना यात नवल वाटायचं काही कारणही नाही. आपल्याकडे दौत घरची आणि शाई घरची हीच रीत होती. काजळी आणि डिंक घोटून शाई करायची, आणि बोरू कापायचा तोही स्वतःच. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत जो व्यवसाय सुरू केला, ज्याचं पुढे कॅम्लिन झालं, त्याची सुरुवात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांनी झाली. पाणी तुमचं, दौत तुमची, वडी आमची. विकणाऱ्याने पाण्याचे पैसे लावले नाहीत, आणि अमुक विहिरीचंच पाणी घाला असंही सांगितलं नाही. नंतर बॉलपेन आलं, आणि भाषेने एक खट्याळपणा केला: जी कांडी पुन्हा भरता येत नाही, संपली की फेकूनच द्यायची, तिचंच नाव मराठीत ‘रिफिल’ पडलं. बहुधा तिथूनच आपल्या मनात हे ठसलं असावं की शाई संपणं म्हणजे वस्तू संपणं.

राहता राहिले दोन छोटे आक्षेप. एक अर्थशास्त्रज्ञांचा: तुमच्या अर्ध्या तासाची किंमत धरली का? धरली. रविवारी सकाळी साडेदहा ते अकरा या वेळेत मध्यमवर्गीय पुरुषाला कुणीही एक पैसा द्यायला तयार नसतं. घरचे तर उलट चार कामं सांगतात. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा: कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन-चार रुपयांत पान छापून मिळतं, मग हा सगळा उपद्व्याप कशाला? हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. महिन्याला पाच-दहा पानं लागणाऱ्याने प्रिंटरच घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर कुणाला तरी लग्नात द्यावा. भरण्याचा खटाटोप त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरी शाळेचे प्रोजेक्ट आहेत, सोसायटीच्या नोटिसा आहेत, सातबाराचे उतारे आणि तिकिटं आहेत, आणि ज्यांनी चार आण्याची कोंबडी आधीच घरी आणलेली आहे.

तेव्हा अशा घरांतल्या मंडळींना दोनच सूचना. भरून झाल्यावर वरचं स्टिकर परत चिकटवा, पण छिद्रं सेलोटेपने गच्च बंद करू नका. हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही, आणि दोष विनाकारण शाईला लागतो. आणि पहिल्यांदा भरताना सुरुवात पिवळ्यापासून करा. हात चुकलाच, तर त्याचा डाग सर्वांत कमी दिसतो, आणि हळदीचा आहे असं सांगता येतं.